हरमुखच्या सरोवरांची वाट

सह्याद्रीत हिंडण्याची सवय जडलेल्या मराठी माणसाला हिमालयातील सरोवरांचे वेध लागले, की तो प्रथम सामानाची यादी करावयास बसतो; आणि ही यादी जसजशी लांबत जाते, तसतसे दिवस मात्र आखडत जातात, कारण रजा मोजकी, परतीचे तिकीट आगाऊ काढलेले, आणि बरोबरच्या मंडळींपैकी कोणाच्या तरी घरचे कार्य नेमके त्याच आठवड्याच्या अखेरीस येऊन ठेपलेले असते. माझ्या मते हा क्रमच उफराटा आहे. उंचावरच्या प्रवासात एखादी वस्तू विसरली म्हणून माणूस सहसा अडत नाही. हाताशी दिवस उरला नाही म्हणून तो अडतो, आणि अडला नाही तर त्याहून वाईट असे करतो, म्हणजे डोके दुखत असताना व आभाळ भरून आले असताना पुढे जातो. म्हणून प्रस्तुत लेखात दिवसांची तरतूद आधी आणि ओझ्याचा विचार नंतर केला आहे. ज्या वाटेच्या आधाराने हे सांगावयाचे, ती काश्मीरमधील सोनमर्ग ते नारानाग ही सुमारे सत्तर किलोमीटरची पायवाट होय. विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, गंगाबल आणि नुंदकोल ही सरोवरे तिच्यावर एकापाठोपाठ एक भेटतात.

या वाटेचा आकार नीट ध्यानात घेतल्यावाचून तिची आखणी करणे धोक्याचे आहे. सोनमर्ग हे श्रीनगर-लेह रस्त्यावरचे गाव श्रीनगरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, सिंध नदीच्या काठी आहे. (ही सिंध म्हणजे महानदी सिंधू नव्हे, ही झेलमची उपनदी असून शादीपूरजवळ तिला मिळते.) गावाची उंची सुमारे २,७०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा, जे १,६४६ मीटर आहे, हजार मीटरांनी अधिक; आणि प्रवासाचा आरंभ येथून व्हावयाचा असतो. शितकडीपासून चढ लागतो, भूर्जवृक्षांचे रान संपते, आणि निचनाई नावाची सुमारे ४,१०० मीटर उंचीची खिंड ओलांडली की पलीकडे विशनसर दिसते. येथवर आल्यावर माणूस जणू परातीत उतरलेला असतो: पाठीमागे निचनाई, पुढे सुमारे ४,२०० मीटरांची गडसरची खिंड, आणि ज्या एका दिशेने पाणी वाहत जाते ती उत्तरेची दिशा तुलैल-गुरेझच्या दुर्गम खोऱ्याकडे व नियंत्रण रेषेकडे जाणारी. किल्ल्यावर कोणाची प्रकृती बिघडली तर त्याला खाली उतरवून तासा-दोन तासांत गावात नेता येते, ही आपली जन्माची सवय. येथे गाव गाठण्यासाठी आधी वर चढावे लागते. मुक्कामांच्या आखणीतील सगळा कस या एका गोष्टीत आहे.

वैद्यकशास्त्राचा रूढ सल्ला असा, की ३,००० मीटरांच्या वर गेल्यानंतर झोपण्याच्या जागेची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांमागे एक दिवस जागच्या जागी राहावे. आता बहुतेक सहल-संस्थांचे वेळापत्रक पाहावे, तर पहिल्याच दिवशी सोनमर्गहून निघून सुमारे साडेतीन हजार मीटरांवर निचनाईच्या पायथ्याशी मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून ३,७०० मीटरांवर विशनसर. तरुण व दणकट माणसे हे निभावून नेतात, यात शंका नाही. परंतु निभावणे आणि सुखरूप असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि उंचीचा विकार तारुण्याला किंवा व्यायामाला जुमानतो असा कोणाचाही अनुभव नाही. यास्तव सोनमर्गमध्ये निदान दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी थाजिवास हिमनदीच्या बाजूला चढून जाऊन संध्याकाळी गावात उतरावे. शक्य असेल तर पुढची चाल दोन दिवसांत विभागून पहिला मुक्काम वृक्षरेषेच्या आतच करावा. विशनसरला तर एक पूर्ण दिवस राहावेच. उंचीमुळे फुफ्फुसांत पाणी साठण्याचा जो घातक विकार, तो नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या सुमारास डोके वर काढतो, आणि हिशेब केला तर त्या रात्री नेमक्या विशनसरवर पडतात. ज्याला तेथे डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे ही लक्षणे आहेत, त्याने ती पूर्ण शमेपर्यंत गडसरच्या खिंडीचे नावही काढू नये.

लक्षणे वाढली म्हणजे काय करावे, हे प्रत्येकाला, केवळ म्होरक्याला नव्हे, ठाऊक असले पाहिजे. स्वस्थ बसले असतानाही धाप लागणे, खोकल्यातून फेसाळ, लालसर थुंकी येणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे, किंवा एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावीत सरळ रेषेत चालण्यास सांगितले असता तोल जाणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णाला कमी उंचीवर नेणे हाच मुख्य उपाय. विशनसरहून मागे फिरणे म्हणजे निचनाईचा चढ पुन्हा चढणे, हे खरे. म्हणून तर जो निर्णय घ्यावयाचा तो निचनाई ओलांडण्यापूर्वी घेतलेला बरा. असेटाझोलामाइड नावाचे औषध विकाराला प्रतिबंध करण्यासाठी पुष्कळ लोक घेतात. ते ज्यांना सल्फावर्गातील औषधे सोसत नाहीत त्यांना घातक ठरू शकते, तेव्हा आपल्या डॉक्टरला विचारल्याखेरीज, आणि विशेषतः रक्तदाब, मधुमेह अथवा हृदयविकार असल्यास त्याचा स्पष्ट होकार घेतल्याखेरीज, घरून निघूच नये. सोबत्यासमोर दुखणे लपविण्याची जी मर्दुमकी आपल्याकडे कौतुकाचा विषय होते, तिला ४,२०० मीटरांवर, जेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो, कवडीचीही किंमत नाही.

ऋतूविषयी थोडेच सांगावयाचे आहे. जूनअखेरपर्यंत खिंडींत बर्फ असते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर कुरणे फुलांनी भरतात. सप्टेंबरच्या पूर्वार्धात आभाळ स्वच्छ असते, पण रात्री पारा शून्याजवळ येतो. पीर पंजालच्या रांगेमुळे काश्मीरच्या खोऱ्यात मोसमी पावसाचा जोर आपल्याकडच्याइतका नसतो. तरीपण दुपारनंतर ढग जमून वीज-पाऊस होणे हा डोंगराचा नित्याचा शिरस्ता आहे. त्यामुळे खिंड नेहमी मध्यान्हापूर्वी ओलांडलेली असावी आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास तंबू उभे असावेत. ओढ्यांचेही तेच. बर्फ वितळून येणारे पाणी दिवस चढेल तसे वाढत जाते, आणि सकाळी गुडघ्याखाली असलेला प्रवाह दुपारी मांड्यांना लागतो. ओलांडताना पाठीवरच्या पिशवीचे कमरपट्टे सोडून ठेवावेत, म्हणजे पाय घसरल्यास ती झटकून टाकता येते. बूट काढून अनवाणी जाण्यापेक्षा पट्ट्यांच्या वहाणा पायांत असाव्यात. तोंड प्रवाहाच्या उगमाकडे ठेवून, काठीचा तिसरा पाय करून आडवे सरकावे. ओढ्यावर साचलेल्या बर्फाचा पूल कितीही घट्ट भासला तरी वाटाड्याने पाहिल्यावाचून त्यावर पाऊल ठेवू नये.

सरकारी दस्तऐवजांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांची या वाटेवर फार पंचाईत होते. विशनसर, गडसर येथे लष्कराच्या चौक्या आहेत, आणि तेथे ओळखपत्र पाहून नावांची नोंद केली जाते. तेव्हा मूळ ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत अंगावरच ठेवावे, घोड्यावर लादलेल्या बोचक्यात नव्हे. चौकीचे, जवानांचे वा तेथील बंदोबस्ताचे छायाचित्र काढू नये. मार्ग खुला आहे की बंद, कोणत्या कचेरीची परवानगी लागते, हे त्या प्रदेशातील परिस्थितीनुसार बदलत राहते. म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबून न राहता निघण्याच्या आठवड्यात नव्याने चौकशी करावी. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मिरात चालत नाही, पोस्टपेड चालते. पण सोनमर्ग मागे पडल्यावर दोन्ही सारखीच मुकी होतात, हे घरच्यांना आधी समजावून सांगितले म्हणजे त्यांचा जीव टांगणीला लागत नाही. जाण्यासाठी पुण्याहून जम्मू तावीपर्यंत जाणारी झेलम एक्सप्रेस आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी वापरली आहे, आणि २०२५च्या जूनपासून कटरा ते श्रीनगर रेल्वेनेही जाता येते. आगगाडीने हळूहळू जाण्यात शरीराचा तोटा नाही, फायदाच आहे.

घोडेवाल्याशी बोलणी करताना मजुरीचा दर ठरविण्यात सारी बुद्धी खर्च होते आणि दिवसांचा हिशेब मोघम राहतो. वास्तविक भांडणे होतात ती दिवसांवरून. एकूण किती दिवस, त्यांपैकी विश्रांतीचे किती, पावसाने एक दिवस अडकून पडल्यास त्याचे काय द्यावयाचे, नारानागहून घोडे परत नेण्याची मजुरी धरली आहे की नाही, आणि घोडेवाल्याच्या शिध्याची व निवाऱ्याची व्यवस्था कोणाकडे, हे सर्व एका कागदावर लिहून दोघांनीही जवळ ठेवावे. अडकलेल्या दिवसाचे पैसे आनंदाने द्यावेत. ज्या घोडेवाल्याला थांबण्याचे पैसे मिळणार नाहीत, तो आभाळ काळवंडले तरी ‘चला’ म्हणेल, आणि त्यात दोष त्याचा नसेल.

ओझ्याविषयी सर्वसाधारण नियम असा, की स्वतःच्या पाठीवर वागवावयाचे वजन देहाच्या वजनाच्या एक-पंचमांशापेक्षा अधिक नसावे. सुती कपडा एकदा भिजला की अंगातील ऊब शोषून घेतो व वाळत नाही, म्हणून आतून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, त्यावर उबदार, आणि सर्वांत वर पाणी व वारा अडविणारा असे तीन थर पुरेत. शून्य अंशाखाली पुरेल अशी स्लीपिंग बॅग, झोपताना अंगाखाली घालावयाची चटई, कपाळाला बांधण्याची विजेरी, बर्फावरच्या झळाळीपासून डोळे वाचविणारा काळा चष्मा, आणि झोपेसाठी राखून ठेवलेला कोरड्या मोज्यांचा एक जोड. बूट नवे नसावेत. निदान महिनाभर राजगड-तोरण्याच्या वाटांवर झिजलेले असावेत. बाकीच्या यादीसाठी दुकानदार आहेतच.

शिध्याबाबत मात्र मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या विषयात मराठी स्वयंपाकघर जगातल्या कोणत्याही डबाबंद खाद्याला भारी आहे, अशी माझी जुनी व अढळ समजूत आहे. उंचीवर भूक मंदावते, तळकट व फार गोड पदार्थ नकोसे होतात, आणि शरीराला तर रोजच्याहून अधिक इंधन हवे असते. अशा वेळी मेतकूट-भातावर तूप घालून दिले, तर ज्याने सकाळपासून काही खाल्ले नाही तोही ताट पुसून घेतो. भाजलेल्या सातूचे पीठ गूळ-पाण्यात कालवून चूल न पेटवता खाता येते. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन-तीन दिवस टिकतात. पहिल्या चालींसाठी त्या उत्तम. वाटेत चघळण्यासाठी शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भाजके पोहे, आमसुलाची दोन-चार साले. संध्याकाळी मुगाच्या डाळीची सैल खिचडी. आणि येथे पदार्थविज्ञानाचा एक बारकावा सांभाळावा लागतो. विशनसरच्या उंचीवर पाणी ८८ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागते, म्हणून उघड्या पातेल्यात तूर किंवा राजमा तासन्‌तास रटरटवूनही कच्चाच राहतो व इंधन व्यर्थ जाते. लहान प्रेशर कुकर हा येथे चैनीचा नव्हे, काटकसरीचा भाग आहे. मूग, मसूर, रवा आणि आधी भाजून घेतलेल्या तांदळाची कणी एवढ्यावर आठवडा सुखाने निघतो. जेवणात रोज एकदा लोणच्याची फोड असावी. तिचे कारण शास्त्रात शोधू नये.

गॅसची नळकांडी विमानातून किंवा आगगाडीतून नेण्यास मनाई आहे, तेव्हा चुलीचा प्रकार श्रीनगरात काय मिळते हे विचारून मगच ठरवावा. लाकूड जाळण्याचा विचार मनात आणू नये. वृक्षरेषेजवळची खुरटी झुडपे हाताएवढी होण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि ज्या भूर्जाच्या सालीवर काश्मीरच्या पंडितांनी शतकानुशतके ग्रंथ लिहिले त्याची साल केवळ आठवण म्हणून सोलणाऱ्या प्रवाशाला काय म्हणावे, हे मला सभ्य भाषेत सुचत नाही. पाणी कितीही निर्मळ दिसले तरी वरच्या कुरणांत मेंढ्यांचे कळप असतात; या उंचीवर ते खळखळून उकळू लागल्यावर तीन मिनिटे उकळू द्यावे, किंवा भरवशाच्या गाळणीतून घ्यावे. शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर तरी दूर, वीतभर खोल खड्डा करून तो नीट बुजवावा. साबण, मग तो जैविक म्हणून विकला गेलेला असो, सरोवराच्या काठी काढूच नये. प्लास्टिकचा कपटादेखील परत आणावयाचा.

आता सरोवरांकडे येऊ. विशनसरला जो मोकळा दिवस राखून ठेवला, त्या दिवशी सकाळी वरच्या किशनसरच्या काठाने जाऊन गडसरच्या खिंडीच्या अर्ध्या चढापर्यंत चढून यावे; दोन्ही सरोवरे एकाच दृष्टिक्षेपात येतात आणि उंचीशी जुळवून घेण्याचे कामही साधते. येथील पाणी उत्तरेस किशनगंगेत जाते, गंगाबलचे दक्षिणेस सिंध नदीत; आणि एवढा वियोग होऊनही किशनगंगा मुझफ्फराबादजवळ त्याच झेलमला मिळते, जिच्यात सिंध शादीपूरला आधीच सामावलेली असते. सरोवरांत इंग्रजांच्या काळी काश्मीरात आणलेली ट्राउट मासळी आहे. ती धरण्यासाठी मत्स्यखात्याचा परवाना लागतो. पोहणे टाळावे: बर्फाच्या पाण्यात उडी घेताच श्वास आपोआप ओढला जातो, हातपाय काही मिनिटांत आखडतात, आणि दोन खिंडींच्या पलीकडून मदत येण्यास वेळ लागतो. गडसर ते सातसर ही चाल फुलांची. सातसरच्या पुढे मोठमोठ्या शिळांवरून पाय टाकीत जावे लागते, आणि पाऊस पडत असेल तर तो थांबेपर्यंत तेथे थांबण्यावाचून शहाणा मार्ग नाही. म्हणून विशनसरच्या दिवसाखेरीज आणखी एक दिवस राखून ठेवावा; तो खर्ची पडतो तो बहुधा येथेच.

झाज नावाच्या खिंडीवरून खाली पाहिले, की गंगाबल व नुंदकोल ही जोडी आणि त्यांच्यामागे ५,१४२ मीटर उंचीचे हरमुख दिसते. भारताच्या त्रिकोणमितीय पाहणीतील माँटगोमेरी याने १८५६ साली या पर्वतावरून दूरच्या काराकोरममधील दोन शिखरे हेरून त्यांना के-१ व के-२ अशी खुणेची नावे दिली, त्यांतील दुसरे नाव जगभर कायम झाले. पर्वताचे त्याहून जुने माहात्म्य कल्हणाने बाराव्या शतकात राजतरंगिणीत नोंदवून ठेवले आहे. आणि त्या ग्रंथावर काम करताना ऑरेल स्टाइन याने सिंध खोऱ्यावरच्या मोहंद मर्ग या कुरणात तंबू ठोकून उन्हाळे काढले, यावरून दिवसांची उधळपट्टी विद्येलाही मानवते असे दिसते. काश्मिरी पंडित आपल्या आप्तांच्या अस्थी गंगाबलमध्ये विसर्जित करीत आले आहेत, आणि भाद्रपदातील गंगाअष्टमीची यात्रा तेथे भरते. ज्या पाण्याला कोणी अखेरचा निरोप देण्यासाठी इतके चढून येतो, त्याच्या काठी भांडी घासणे किंवा कर्णे लावून गाणी वाजविणे शोभत नाही, एवढे सांगणे पुरे.

वाटेतल्या दगड-मातीच्या कोठ्यांत उन्हाळ्यापुरते राहणारे गुज्जर व बकरवाल हे या कुरणांचे खरे वहिवाटदार आहेत. त्यांच्या कळपातून सरळ आरपार जाऊ नये; वरच्या अंगाने वळसा घालावा. राखणीची कुत्री रात्री मोकळी असतात व ती कोणाचीही भीड ठेवीत नाहीत, म्हणून अंधारात तंबूपासून लांब जाताना काठी व विजेरी असावी आणि दुरूनच धन्याला हाक द्यावी. स्त्रियांची छायाचित्रे विचारल्याविना काढू नयेत. चहा पुढे केला तर घ्यावा, बदल्यात पैसे पुढे करू नयेत. साखर किंवा चहाची पुडी मात्र संकोच न करता देता येते.

शेवटची चाल गंगाबलकाठच्या सुमारे साडेतीन हजार मीटरांवरून नारानागच्या बावीसशेपर्यंत एका दमात उतरणारी, आणि गुडघ्यांचे खरे माप तीच घेते. काठ्या दोन असाव्यात, पावले आखूड टाकावीत, आणि पायांची नखे आदल्या रात्री कापलेली असावीत. नारानागला आठव्या शतकातील ललितादित्याच्या काळाशी जोडलेली भग्न शिवमंदिरे आहेत. ती दमलेल्या पायांनी पाहण्याजोगी नाहीत, म्हणून गावातच मुक्काम करून सकाळी पाहावीत. घोडेवाल्याचा हिशेब तेथेच, ठरल्या कागदाप्रमाणे, रोखीने चुकता करावा. उंचावर नोटा मोजण्याची पाळी येऊ नये इतके सुटे पैसे श्रीनगरहूनच नेलेले असावेत. नारानागहून कंगनमार्गे मोटारीने श्रीनगर दोन-अडीच तासांचे आहे, आणि परतीचे तिकीट त्या दिवसापासून निदान तिसऱ्या दिवसाचे काढावे.